चौतीस अंशांच्या आतलं चॉकलेट

नवी मुंबईतल्या बेलपाडा मेट्रो स्थानकावरून गाडी दोन दिशांना जाते. एका बाजूला आरबीआय कॉलनी आणि लगेच सीबीडी बेलापूर. कोकण भवन, सिडको भवन, बँका, विमा कंपन्या, काचेच्या इमारतींतली ऑफिसं. बहुतेक ठिकाणी एसी. दुसऱ्या बाजूला उत्सव चौक, सेंट्रल पार्क करत पेंधर, आणि तिथून रिक्षानं तळोजा एमआयडीसी. तिथे केबिनमध्ये एसी असला तरी शॉप फ्लोअरवर पंखेच असतात. तिसरी वाट मेट्रोच्या आधीपासूनची आहे: खारघर स्टेशनवरून हार्बरची लोकल, सीएसएमटीपर्यंत तास-सव्वा तास, गर्दीत डबा छातीशी धरून.

सहकाऱ्यांना पेढे वाटायचे असतील तर यातली कुठली वाट धरता यानं काही फरक पडत नाही. चॉकलेटच्या बाबतीत पडतो. कारण चॉकलेटमधलं मुख्य स्निग्ध द्रव्य, म्हणजे कोको बटर, साधारण ३४ अंश सेल्सिअसला वितळतं, आणि पनवेल परिसरात मार्च ते जून या काळात भर दुपारची हवा याच आकड्याच्या आसपास घुटमळत असते. घरी ओव्हन नसताना, खिसा फारसा न सैलावता ऑफिससाठी चॉकलेटचं काहीतरी करायचं असेल, तर अडचण ओव्हनची नाही. या आकड्याची आहे.

ओव्हनचं आधी उरकून घेऊ. बेलपाड्याचं गावठाण घ्या, नाहीतर भोवतालच्या सेक्टरांतल्या वन बीएचके इमारती घ्या. गॅसची शेगडी आणि फ्रीज घरोघरी आहे, मायक्रोवेव्ह बऱ्याच ठिकाणी आहे, ओव्हन मात्र हौशी घरातच. आपल्याकडे भाजायचं काम पूर्वापार बाहेर होत आलं आहे. दिवाळीच्या सुमारास नानकटाईचा मालमसाला घेऊन बेकरीत जायचं आणि पत्र्याचा डबा भरून परत यायचं, ही पद्धत शहरांत अनेकांनी पाहिली असेल. म्हणून भाजावं न लागणारं चॉकलेट ही आपल्याकडे तडजोड ठरत नाही. लाडू, वड्या, बर्फी यांचंच ते नवं भावंड आहे.

केक ओव्हनमध्ये उभा राहतो तो अंड्यातली प्रथिनं आणि मैद्यातला स्टार्च उष्णतेनं घट्ट होतात म्हणून. न भाजलेल्या पदार्थात हे काम दुसऱ्या कुणीतरी करावं लागतं, आणि त्याचे मार्ग मोजकेच आहेत. वितळवलेलं स्निग्ध द्रव्य गार झालं की गोठतं आणि सगळं धरून ठेवतं. कोरडं बिस्किट ओल शोषून फुगतं आणि मिश्रण आवळतं. साखरेचे स्फटिक बांधले जातात, जसे नारळाच्या वडीत. किंवा चायना ग्रास, कॉर्नफ्लोअरसारखा पदार्थ दुधाला जाळ्यात पकडतो. इंटरनेटवरच्या हजार पाककृती चाळल्या तरी त्यांच्या मुळाशी यातलंच काहीतरी सापडतं. आपण काय करतोय हे एकदा कळलं की पाककृतीची गरज निम्म्यानं कमी होते.

पहिला मार्ग सगळ्यांत मोहक आणि सगळ्यांत दगाबाज आहे. कोको बटर सहा वेगवेगळ्या प्रकारे गोठू शकतं. सहाही प्रकारांत रेणू तेच, फक्त त्यांची रचना निराळी. त्यातला पाचवा प्रकार आपल्याला हवा असतो: चकचकीत, तोडल्यावर टक् आवाज करणारा, हातात लगेच न पाघळणारा पण जिभेवर विरघळणारा. बाकीचे मऊ पडतात किंवा पांढुरके होतात. नेमका पाचवाच प्रकार मिळवण्यासाठी गडद चॉकलेट ४५ ते ५० अंशांपर्यंत वितळवायचं, २७-२८ पर्यंत उतरवायचं आणि पुन्हा ३१-३२ वर आणायचं, याला टेम्परिंग म्हणतात. जिथे स्वयंपाकघरच बत्तीस अंशांवर आहे तिथे चॉकलेट सत्तावीसवर उतरवायचं म्हणजे आधी खोली गार करायला हवी. एप्रिलमध्ये खारघरच्या घरात हा खटाटोप करू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

बाजारानं यावर काढलेला तोडगा म्हणजे कंपाऊंड. बेकिंगच्या सामानाच्या दुकानात, क्रॉफर्ड मार्केटमध्ये किंवा मोठ्या किराणा दुकानात अर्धा किलोच्या आसपासची जी विटेसारखी स्लॅब मिळते, मोर्डेसारख्या नावांची, ती बहुतेक वेळा हीच असते. यात कोको बटर जवळजवळ नसतं. त्याऐवजी पाम कर्नलसारख्या तेलाचं हायड्रोजनेट केलेलं स्निग्ध द्रव्य असतं आणि चवीसाठी कोको पावडर. हे द्रव्य सहा प्रकारांचे नखरे करत नाही. वितळवा, साच्यात ओता, फ्रीजमध्ये ठेवा, घट्ट. कोको बटरपेक्षा ते उष्णता थोडी जास्त सोसतं. ते स्वस्तही असतं. कोकोच्या भावानं गेल्या काही वर्षांत जे केलं त्यानंतर हा स्वस्तपणा अधिकच जाणवतो. जगातला निम्म्याहून जास्त कोको आयव्हरी कोस्ट आणि घाना या दोन देशांत पिकतो. तिथे हवामान आणि रोगराईनं पीक बसलं, आणि २०२३च्या सुरुवातीला न्यूयॉर्कच्या वायदेबाजारात टनाला अडीच हजार डॉलरच्या आसपास असलेला कोको डिसेंबर २०२४ मध्ये बारा हजारांच्या वर गेला. पुढे तो उतरला, पण दुकानातल्या वडीचं वजन आणि किंमत यांचं गणित तोवर बदलून गेलं होतं.

कंपाऊंडला नाकं मुरडणारे पुष्कळ आहेत. ते अगदी चुकीचे नाहीत. तोंडात ते खऱ्या चॉकलेटसारखं सपकन विरघळत नाही, टाळूला मेणासारखा एक थर राहतो. त्यातलं स्निग्ध द्रव्य बहुतांशी संपृक्त असतं, तेव्हा ते रोज खायची वस्तू नव्हे. भारतात जानेवारी २०२२ पासून तेला-तुपातल्या ट्रान्स फॅटवर दोन टक्क्यांची मर्यादा आहे, त्यामुळे पूर्वीची एक मोठी भीती कमी झाली आहे. पण बिस्किट, कंडेन्स्ड मिल्क आणि भाजलेले दाणे यांच्यात मिसळल्यावर हा मेणचटपणा फारसा कळत नाही, आणि उरलेली कसर दोन चमचे चांगली कोको पावडर भरून काढते. माझा सल्ला असा की पैसे वाचवायचे तर स्लॅबवर वाचवा आणि त्यातले थोडे कोको पावडरवर खर्च करा. रंगीत शेव, चांदीच्या गोळ्या, व्हिप्ड क्रीमची फुलं यांवर एक रुपयाही नको.

एक गोष्ट मात्र टाळा. अर्धी स्लॅब कंपाऊंडची आणि अर्ध्या खऱ्या चॉकलेटच्या वड्या, असं एकत्र वितळवून साच्यात घालू नका. चव सुधारेल अशा आशेनं हे पुष्कळजण करतात. पाम कर्नलचं स्निग्ध द्रव्य आणि कोको बटर यांचं जमत नाही. दोन्ही मिसळली की मिश्रण दोघांपेक्षाही मऊ राहतं आणि काही दिवसांत त्यावर पांढरट पूड धरते. फजमध्ये हे खपून जातं. चॉकलेट मोदकात नाही.

आता थोडं कोकणाकडे वळतो. कोको बटरच्या बरोबरीनं चॉकलेटमध्ये मिसळता येतील अशी जी मोजकी वनस्पतिजन्य स्निग्ध द्रव्यं युरोपीय संघानं २००० सालच्या नियमावलीत मान्य केली, ती एकूण सहा. त्यात पाम आहे (पाम कर्नल नव्हे), आफ्रिकेतलं शिया आहे, आपल्या जंगलातलं साल आहे, आंब्याच्या कोयीतलं आहे आणि कोकमाच्या बियांतलं आहे. हो, तेच कोकमाचं तेल, ज्याचा पांढरट गोळा टाचांच्या भेगांवर गरम करून लावतात. ते चाळीस अंशांच्या जवळपास वितळतं आणि कोको बटरशी त्याचं जमतं, म्हणून उष्ण प्रदेशातल्या चॉकलेटला घट्टपणा द्यायला ते उपयोगी मानलं जातं. रायगड-रत्नागिरीच्या घराघरांत हे तेल आहे आणि बेकिंगच्या दुकानांत मात्र ते सहसा दिसत नाही, याचं मला नवल वाटतं. भेगांसाठी आणलेला गोळा चॉकलेटमध्ये घालू नका. खाण्यासाठी शुद्ध केलेलं तेल वेगळं.

दुसरा मार्ग बिस्किटाचा, आणि स्वस्ताईचा खरा आधार तोच. पार्ले कंपनीचा कारखाना १९२९ साली विलेपार्ल्यात सुरू झाला आणि १९३९ पासून तिथे बिस्किटं बनू लागली. मारी बिस्किट त्याहून जुनं: लंडनच्या पीक फ्रीन्स कंपनीनं १८७४ साली ते काढलं, रशियाच्या राजकन्या मारिया अलेक्झांड्रोव्हना आणि ड्यूक ऑफ एडिंबरा यांच्या लग्नानिमित्त. त्याच घराण्यात २०११ साली राजपुत्र विल्यमचं लग्न झालं तेव्हा त्यानं नेहमीच्या भव्य केकबरोबर आणखी एक केक मागवला होता. तो होता बिस्किटांचे तुकडे चॉकलेटमध्ये घालून फ्रीजमध्ये घट्ट केलेला, न भाजलेला. मॅकव्हिटीज या बिस्किट कंपनीनं तो बनवला. जर्मनीत याच जातीच्या थरांच्या केकला ‘थंड कुत्रा’ असं काहीतरी म्हणतात, इटली-पोर्तुगालमध्ये याचीच गुंडाळी करून सलामीसारख्या चकत्या कापतात. गरिबाचा आणि राजवाड्याचा असा दोघांचाही हा पदार्थ आहे.

पार्ले-जी आणि मारी यांची कामं वेगळी आहेत, हे लक्षात ठेवण्यासारखं. पार्ले-जी ओल झटकन पितं आणि विरघळतं. चहात बुडवणाऱ्यांना ते सांगायला नको. म्हणून त्याची पूड करावी. मारी जास्त कोरडी, कमी गोड आणि चिवट असते, तुकडे करून घातली तर दुसऱ्या दिवशीही दाताखाली लागते. आधीच गोड असलेल्या मिश्रणात मारीचा फिकेपणा उपकारक ठरतो.

दोनशे ग्रॅम मारी हातानं मोडा, पूड होऊ देऊ नका, बोटाच्या पेराएवढे तुकडे ठेवा. जाड बुडाच्या पातेल्यात कंडेन्स्ड मिल्कचा अर्धा डबा, म्हणजे दोनशे ग्रॅम, तीस ग्रॅम लोणी आणि चाळलेली दोन मोठे चमचे कोको पावडर मंद आचेवर एकजीव करा. उकळी आणायची नाही. गॅस बंद करून त्यात बारीक चिरलेली तीनशे ग्रॅम गडद कंपाऊंड घाला आणि झाकण ठेवून दोन मिनिटं हात लावू नका. मग हलवा, चिमूटभर मीठ घाला. हे मीठ विसरू नका, सगळ्या गोडाला तेच ताळ्यावर आणतं. तुकडे आणि मूठभर भाजून सोललेले, जाडसर कुटलेले शेंगदाणे मिसळा, तूप लावलेल्या ताटात थापा, वाटीच्या बुडानं दाबून सपाट करा. फ्रीजमध्ये तीन-चार तास. सुरी गरम पाण्यात बुडवून पुसून घेतली की वड्या न फुटता पडतात. पाऊण किलोच्या आसपास माल होतो, त्यात चाळीसेक छोट्या वड्या. खर्च ब्रँडवर आणि दुकानावर अवलंबून, पण अडीचशे-तीनशे रुपयांत भागतं. तेवढ्यात केकच्या दुकानातला चांगला अर्धा किलोचा केकही सहसा येत नाही, आणि तो आणायचा तर कापायला सुरी, कागदी बशा आणि कुणाच्या वाट्याला क्रीमचं फूल जास्त आलं याचा हिशेब, हे सगळं आलंच.

या कृतीत एक जागा अशी आहे जिथे पहिलटकर हमखास अडतात. चॉकलेट वितळवताना त्यात पाण्याचा थेंब पडला किंवा वाफ शिरली की गुळगुळीत मिश्रण क्षणात खडबडीत, कोरडं, चिखलासारखं होतं. पाणी घातल्यावर एखादी गोष्ट कोरडी कशी पडते? वितळलेलं चॉकलेट म्हणजे स्निग्ध द्रव्यात तरंगणारे साखरेचे आणि कोकोचे कण. थोडंसं पाणी आलं की साखरेच्या कणांचा पृष्ठभाग चिकट होतो, कण एकमेकांना धरतात आणि गुठळी होते. उपाय उलटा आहे: आणखी द्रव घाला. दोन-तीन चमचे गरम दूध किंवा क्रीम घालून ढवळलं की कण पुन्हा सुटे होतात. साच्यात घालायला ते चॉकलेट आता उपयोगाचं नाही, पण त्याचं गनाश झालेलं असतं, वडीला किंवा ट्रफलला उत्तम. म्हणून स्लॅब चिरताना पाट, सुरी, वाटी कोरडी ठेवा आणि डबल बॉयलर करत असाल तर वरचं भांडं खालच्यापेक्षा मोठं घ्या, म्हणजे वाफ आत येत नाही. मायक्रोवेव्हमध्ये तीस-तीस सेकंदांनी बाहेर काढून हलवत राहा. चॉकलेट वितळलं तरी आकार धरून बसतं, त्यामुळे न हलवता ठेवलं तर वरून जसंच्या तसं दिसतं आणि आतून करपतं.

गनाश म्हणजे क्रीम आणि चॉकलेट यांचा मिलाफ. आपल्याकडच्या पाकिटातल्या फ्रेश क्रीममध्ये साधारण पंचवीस टक्के स्निग्धांश असतो, परदेशी पाककृतींतल्या क्रीममध्ये पस्तीसच्या वर. त्या पाककृती जशाच्या तशा उचलल्या की आपलं गनाश पातळ राहतं, ते यामुळे. गोळे वळता यावेत असं हवं असेल तर क्रीमच्या दुप्पट चॉकलेट, आणि उन्हाळ्यात तिप्पट घ्या. एवढं करूनही गनाशचा डबा लोकलनं न्यायचा विचार मी करणार नाही. बेलापूरच्या एसी ऑफिसात, मेट्रोची दोन स्थानकं ओलांडून न्यायला मात्र हरकत नाही. मेट्रोचे डबेही एसीच आहेत.

तळोज्याच्या वाटेवर जाणाऱ्यांसाठी लाडूच खरे. यात स्लॅब लागतच नाही, म्हणजे वितळायला काही उरत नाही. पार्ले-जीची तीनशे ग्रॅम बारीक पूड, तीन मोठे चमचे कोको, दोन चमचे पातळ केलेलं तूप आणि मळून गोळा होईल इतकंच कंडेन्स्ड मिल्क. ते एकदम ओतू नका, चमच्याचमच्यानं घाला, कारण पूड दहा मिनिटं ओल पीत राहते आणि सैल वाटणारं मिश्रण थोड्या वेळानं घट्ट होतं. छोटे लाडू वळून भाजलेल्या खोबऱ्याच्या किसात घोळवा. खोबरं हातही चिकट होऊ देत नाही. यंत्रावरून उठून आलेल्या माणसाला बशी-चमचा न शोधता एक उचलता येतो. गोव्यातल्या आणि मुंबईतल्या बेकऱ्यांत नाताळच्या सुमारास मिळणारे रम बॉलही मुळात असेच, उरलेल्या केकचा चुरा मार्गी लावण्यासाठी निघालेले. ब्राझीलमध्ये कंडेन्स्ड मिल्क, कोको आणि लोणी आटवून केलेल्या गोळ्यांना ब्रिगादेरो म्हणतात. १९४५ च्या निवडणुकीतले उमेदवार ब्रिगेडियर एदुआर्दो गोमेस यांच्यावरून ते नाव पडलं. गोमेस निवडणूक हरले. लाडू मात्र देशभर झाले.

कंडेन्स्ड मिल्कनं नेमकं काय सोपं केलं हे पाहायचं असेल तर बोरघाट चढून लोणावळ्याला जायला हवं. तिथलं कूपर यांचं चॉकलेट-अक्रोड फज पिढ्यान्‌पिढ्या मुंबई-पुण्याचे लोक रांग लावून घेतात. अस्सल फज हा साखरेच्या स्फटिकांचा खेळ आहे. दूध, साखर आणि कोको ११२ ते ११६ अंशांपर्यंत शिजवायचं, म्हणजे आपल्या आज्यांच्या मापात गोळीबंद पाक. मग ते न हलवता कोमट होऊ द्यायचं आणि त्यानंतर जोर लावून घोटायचं. गरम असतानाच घोटलं तर स्फटिक मोठे होतात आणि फज रवाळ लागतं. थांबून घोटलं तर ते इतके बारीक होतात की जिभेला जाणवत नाहीत. नारळाच्या वड्या कधी भुसभुशीत तर कधी दगडासारख्या होतात त्यामागेही पाकाचाच हात असतो. कंडेन्स्ड मिल्क म्हणजे साखर घालून आटवलेलं दूध (दूध आटवण्याच्या पद्धतीचं पेटंट अमेरिकेत गेल बोर्डन यांनी १८५६ साली घेतलं). त्यात पाकाचं काम कारखान्यातच झालेलं असतं, म्हणून घरी थर्मामीटरही लागत नाही आणि मनगटही दुखत नाही. ते लोणावळ्याच्या फजची बरोबरी करत नाही, हेही खरं. साखरेच्या स्फटिकांचा तो कुसकरणारा पोत स्लॅब गोठवून येत नाही.

चायना ग्रासची वाट आता मागे पडली आहे, आणि ते मला पटत नाही. मुंबईच्या कितीतरी घरांत रमजानमध्ये आणि उन्हाळ्यात चायना ग्रासचं दुधाळ पुडिंग होत असे, अजून होतं. समुद्री शेवाळातून निघणारा हा पदार्थ पाण्यात पूर्ण विरघळायला उकळीजवळ न्यावा लागतो, घट्ट होतो चाळीस अंशांच्या खाली, आणि एकदा घट्ट झाला की पुन्हा ८५ अंशांपर्यंत वितळत नाही. म्हणजे मे महिन्यातसुद्धा ओट्यावर धरतो आणि उन्हातही आकार सोडत नाही. चॉकलेटच्या दुधासाठी याहून आज्ञाधारक वस्तू नाही. दहा ग्रॅमच्या काड्या अर्धा तास भिजवून, थोड्या पाण्यात पूर्ण विरघळेपर्यंत उकळून, पाऊण लिटर कोको-साखर घातलेल्या गरम दुधात गाळून घालायच्या. दूध गार असेल तर धागे होतात, तेव्हा दोन्ही गरमच हवीत. जिलेटिन जनावरांच्या हाडा-कातड्यापासून निघतं, चायना ग्रास वनस्पतिजन्य. ऑफिसच्या टेबलावर हा फरक मोठा आहे. पण आकार सोडत नाही म्हणजे नासत नाही असं समजू नका. हे शेवटी दूधच. बाहेर ३२ अंशांपेक्षा जास्त उष्णता असेल तर दुधाचे पदार्थ तासाभराहून अधिक वेळ उघड्यावर ठेवू नयेत असं अन्नसुरक्षेचे नियम सांगतात. म्हणून पुडिंग फक्त फ्रीज असलेल्या ऑफिसात, बर्फाच्या पिशवीसह.

पावसाळ्यात वितळण्याची भीती कमी होते आणि पाण्याची वाढते. फ्रीजमधून काढलेला चॉकलेट मोदक जुलै-ऑगस्टच्या दमट हवेत उघडा ठेवला की त्यावर दव धरतं, दवात वरची साखर विरघळते आणि पाणी उडून गेल्यावर पांढरा, खरखरीत थर उरतो. लोक त्याला बुरशी समजून टाकून देतात. बुरशी नसते ती. गणपतीत घरोघरी चॉकलेट मोदक होतात, त्यांच्याबद्दलची तक्रार बहुतेक हीच. उपाय अगदी साधा: डबा बंद असतानाच फ्रीजबाहेर काढा आणि खोलीच्या तापमानाला येईपर्यंत झाकण उघडू नका. दव डब्यावर धरेल, मोदकावर नाही. रात्री फ्रीजमधून काढून सकाळी नेण्याऐवजी सकाळी निघताना काढलेला बंद डबा ऑफिसात पोचेपर्यंत बरोबर जागेवर येतो, हार्बरचा तास-सव्वा तास इथे कामी येतो.

सहकारी म्हणजे घरची माणसं नव्हेत, त्यांना काय चालतं हे ठाऊक नसतं. अंडं यांतल्या कशातच नाही, ही न भाजलेल्या प्रकारांची सर्वांत मोठी सोय. पण मार्शमॅलो आणि काही जेलींत जिलेटिन असतं, तेव्हा पाकिटावरचा हिरवा ठिपका पाहूनच आणा. शेंगदाणे आणि अक्रोड कुणाला वर्ज्य असू शकतात, दुधाची ॲलर्जीही असते. कच्चा मैदा घातलेल्या ‘कुकी डो’च्या पाककृती फोनवर फिरतात, मैदा न भाजता खाऊ नये, त्यात जंतू असू शकतात, तिथे बिस्किटाची पूड घ्या. संकष्टीला नेऊ नका, गुरुवारी-शनिवारी न्यायचं तर उपवास करणाऱ्यांचे तुकडे बाजूला काढून ठेवा, ते दुसऱ्या दिवशी खातील. मधुमेह असलेल्यांना आग्रह करू नका. वड्या लहान कापण्यामागे हेही एक कारण आहे: अर्धी मोडून परत ठेवायची वेळ कुणावर येत नाही. आणि डब्याच्या झाकणावर एक चिठ्ठी लावा: दूध, गहू, दाणे, काय काय आहे ते. ऑफिसातल्या लोकांना एकदा आवडलं की वाढदिवसाच्या ऑर्डरी सुरू होतात. पैसे घेऊन करायचं ठरवलं, घरून का होईना, तर एफएसएसएआयची नोंदणी लागते, ती आधी करून घ्या.

पहिल्यांदा करत असाल तर लाडवांनी सुरुवात करा. ते बिघडवणं अवघड आहे. मग मारीची वडी, मग मोदक. गनाश आणि पुडिंग एसी आणि फ्रीज असलेल्या ऑफिससाठी ठेवा. आणि कोको बटर असलेलं खरं चॉकलेट वापरून साच्यातल्या चकचकीत वड्या करायची हौस असेल, तर डिसेंबर-जानेवारीपर्यंत थांबा. खारघरच्या टेकड्यांकडून रात्री गार वारा सुटतो तेवढे आठ-दहा आठवडेच आपल्याकडे त्या कामाचे.